एक घर जास्त

दुपारी दोन ते चार शटर अर्धं ओढलेलं असतं.
सकाळपासून या स्कॅनरच्या काचेवर
आधार कार्डं, जातीचे दाखले, एका म्हशीचा विमा.
आता काच स्पिरिटनं पुसते
आणि काल धुतलेल्या फिल्मची पट्टी ठेवते.
सहा चौकटी. पाच घोंगडीच्या,
एक कशाचीच नाही, टोपण लावून काढलेली.

घोंगडी गच्चीत तारेवर टांगली होती, सावलीच्या बाजूला.
शेजारच्या काकूंनी विचारलं, वाळवण का?
मी म्हटलं, हो.
मीटर सांगेल त्याहून चार घरं खाली उतरायचं,
लोकर दिसायची जवळजवळ थांबते तिथवर,
मग डब्यावरच्या आकड्यावर विश्वास कमी करत जायचं:
चारशे, तीनशे वीस, अडीचशे, दोनशे, एकशे साठ.

धुताना बोअरचं पाणी तेहतीस डिग्री.
औषधाला वीस लागतं.
कुल्फीवाल्या हणमंताकडून बर्फ आणला,
घमेल्यात डबा ठेवला, घड्याळ गुडघ्यावर.
उदगिरात मे महिन्यात
काळंपांढरं असं थंड करूनच मिळतं.

सॉफ्टवेअर फार मायाळू.
चौकट दिसली की ते सुधारायला धावतं.
रिकाम्या चौकटीतसुद्धा त्याला घोंगडी सापडली.
मग ऑटो काढलं. शार्पन काढलं. धूळ घालवणं काढलं.
एकेक टिक काढत गेले,
शेवटी पडद्यावर उरली फिकट, रुसलेली पट्टी.
तिच्यावर कर्सर ठेवला.

रिकामी: दोनशे एकतीस.
चारशे: दोनशे एकतीस. म्हणजे लोकर पोचलीच नाही.
तीनशे वीस: दोनशे तीस. हे मी धरत नाही,
एवढा फरक तर काचेवरच्या श्वासाचाही पडतो.
अडीचशे: दोनशे सव्वीस.
दोनशे: दोनशे अठरा, आणि मोठं करून पाहिलं तर
एक धागा. धाग्याला गाठ.

चारशेचं दोनशे म्हणजे बरोबर एक घर.

खाजामियाँ स्टुडिओत मीटर वापरायचेच नाहीत.
बोट भिंगाच्या कड्यावर ठेवून म्हणायचे,
काले कू रोशनी ज्यादा लगती बेटा, एक घर खोल.
अनुसाआक्काचा दाखवायचा फोटो त्यांनीच काढला.
वडील म्हणाले, जरा उजळ येऊ द्या.
हौ, म्हणाले, आणि एक घर खोललं.
आक्का आली तशी, काळीच.
पण दंडावरची देवीची खूण आली,
कानामागून सुटलेले दोन केस आले,
ब्लाउजच्या बाहीची उसवलेली शिवण आली.
वडलांनी पैसे दिले आणि दुसरीकडे काढून आणला.
त्यात ती उजळ होती, आणि तिला डावा कान नव्हता.
लग्न त्या फोटोवर ठरलं.

पहिल्याची निगेटिव्ह माझ्याकडे आहे, वहीच्या कागदात.
आज घोंगडीशेजारी ठेवली.
ऑटो लावलं: वडलांनी सांगितलं होतं तेच त्यानं केलं,
कुणी न सांगता.
ऑटो काढलं. कान परत आला.
बराच वेळ मी त्या कानाचाच आकडा बघत बसले.

मग फोन लावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
आवाज मात्र अजून डार्करूममधलाच, हळू.
म्हटलं, चाचा, मशीनवर मोजलं. दोनशे आलं.
ते हसले. खोकले.
इत्ती बात के वास्ते मशीन?
मग थांबून:
पानी कौनसा लिया था? नल का, के बोर का?

बोरचं.

तो फिर नल का भी देख ले.

शटरवर कुणीतरी नाण्यानं वाजवतंय, सातबाराची झेरॉक्स हवी.
पट्टी पाकिटात सरकवते,
पाकिटावर लिहिते: बोअर, दोनशे.
दुसरं पाकीट कोरंच.
नळाला पाणी गुरुवारी येणार आहे,
आलं तर.